रेडिओचा कान

आमच्या आष्टी तालुक्यातल्या गावी, आमच्या घरी रेडिओ आला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे. सेल उतरत आले की आई ते उन्हात ठेवी, म्हणजे आणखी चार दिवस निघत. त्याच दुष्काळात हगवणीने माझी धाकटी बहीण गेली होती. घरात तिचे नाव कोणी काढत नसे.

एका रात्री पुण्याच्या बातम्या झाल्यावर वडिलांनी रेडिओचा कान पिळला आणि खरखरीतून एक आवाज वर आला. गोड, संथ हिंदी. येशू दु:खितांचे अश्रू पुसतो, असे तो सांगत होता. वडील माळकरी. आता बंद करतील असे मला वाटले. पण ते तसेच ऐकत राहिले. आई भाकरी थापत होती. ती मध्येच थांबली आणि रेडिओकडे पाहून म्हणाली, “मग माझी पोर का नेली?”

रेडिओ काय बोलणार? एक गाणे लागले आणि मग पत्र पाठवण्याचा पत्ता सांगितला गेला. आईला लिहिता येत नव्हते.

हे आवाज कोठून येत ते पुष्कळ वर्षांनी कळले. आपल्याकडे नभोवाणी सरकारची. कुठल्याही धर्मसंस्थेला स्वत:चे केंद्र काढण्याची मुभा नव्हती. म्हणून ख्रिस्ती प्रचारकांनी देशाबाहेरचा रस्ता धरला. सिलोनवर वेळ विकत मिळे. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर ‘फेबा’ या संस्थेने १९७० साली लघुलहरींचे केंद्र उभारले. समुद्रातल्या प्रवाळांच्या खडकांवर त्याचे मनोरे होते. २००३ साली ते बंद झाले. हजारो मैल पाणी ओलांडून आवाज आष्टीच्या माळावर यावा आणि माझ्या आईच्या एका प्रश्नापाशी अडावा, याचा मी अजून विचार करतो.

दुसऱ्याला आपली श्रद्धा सांगण्याचा हक्क माणसाला आहे; घटनेच्या पंचविसाव्या कलमातच तो आहे. पण ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या दु:खावर बोलावे काय? फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. तेही कानांसाठीच होते, ओव्यांतून वाचून दाखवायचे. परंतु वाचणारा समोर बसलेला असे. आमच्या शेजारच्या नगरात रेव्हरंड टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट धरली. कीर्तनकाराला श्रोत्यांचे चेहरे दिसतात. कोण रडते आहे, कोण उठून चालले आहे, ते त्याला कळते. आणि टिळकांच्या घरातच पाहा. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे त्या भांडल्या, दूर राहिल्या, पाहत राहिल्या. एवढा वेळ कोणता कार्यक्रम देईल?

असे मी एकदा एका मित्राजवळ तावातावाने बोललो. तो म्हणाला, “अरे, पण तुझ्या आईने तो प्रश्न त्याआधी कोणाला विचारला होता?”

मी गप्प झालो. खरोखरच कोणाला विचारला नव्हता. वडिलांना नाही, देवळातल्या बुवांना तर नाहीच. विचारला असता तर गावाने तिला नास्तिक म्हटले असते, नाहीतर कर्माची गोष्ट ऐकवली असती. पेटीतला माणूस परका होता, त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच तिला तोंड फुटले. जो दोष म्हणून मी मांडत होतो, त्याचाच तिला आडोसा झाला होता.

शिवाय रेडिओला कान असतो. तो पिळता येतो. भोंग्याला तो नसतो. २००० साली चेन्नईतल्या एका चर्चच्या ध्वनिवर्धकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असे कोणताच धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते वाचून आमच्या गावातली देवळे, मशिदी, सप्ताहाचे मंडप सगळेच आठवले. एकट्या चर्चला हसण्यात अर्थ नाही. आज ऊसतोडीला निघालेल्या पोरांच्या मोबाईलमध्ये हरिपाठ, कव्वाली आणि येशूची गाणी एकाच कार्डात नांदतात. कानात बोंडे घालून कोण काय ऐकतो, ते शेजारच्याला कळतही नाही. मला हे बरे वाटते, आणि थोडे भयही वाटते; एकांतात प्रश्न पडला तर तो कोणापुढे टाकायचा?

आईने तो दुसऱ्या दिवशी टाकला. वस्तीच्या टोकाला एका ख्रिस्ती मास्तरांचे घर होते. त्यांच्या बाईंना तिने तेच विचारले. बाई काही बोलल्या नाहीत. आईच्या मांडीवरचे सूप त्यांनी आपल्याकडे ओढले आणि दोघी मिळून रेशनचा मिलो निवडत बसल्या. जाताना बाईंनी एवढेच विचारले, “नाव काय होतं हो तिचं?”

आई शेवटपर्यंत पंढरीची वारी करीत होती. पण रात्री तो आवाज लागला की ती वडिलांना म्हणे, “राहू द्या जरा.” आणि पत्ता सांगायची वेळ आली की स्वत: उठून कान पिळून टाकी.