अमान आणि १८० दिवस

राज्याने परक्या माणसाला आपल्या भूमीत राहण्याची दिलेली परवानगी ही निव्वळ सवलत असते की ते एक वचन असते, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. परंतु आखाती देशांत पोटापाण्यासाठी राहणाऱ्या लक्षावधी परदेशी कामगारांच्या बाबतीत तो ग्रंथापुरता उरत नाही, कारण गावी जायचे की नाही, गेल्यास किती दिवस थांबायचे आणि परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे काढायचे, हे त्यांना त्याच्या उत्तरावरच ठरवावे लागते.

संयुक्त अरब अमिरातीत वास्तव्याचा परवाना असलेला परदेशी माणूस सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला, तर परवान्याची मुदत शिल्लक असूनही तो सर्वसाधारणपणे रद्द ठरतो. गुंतवणूकदार आणि उच्च कौशल्याचे व्यावसायिक यांना २०१९ पासून मिळू लागलेला ‘गोल्डन व्हिसा’ मात्र या अटीतून मुक्त आहे, आणि ही विषमता सहज नजरेआड करण्याजोगी नाही. शिवाय नियम स्थिर राहिलेले नाहीत. मार्च २०२० मध्ये साथीमुळे वैध परवाना असलेल्या रहिवाशांचाही अमिरातीतील प्रवेश थांबवण्यात आला. जानेवारी २०२३ पासून मुदत ओलांडलेल्यांना सबळ कारण दाखवून आणि दर ३० दिवसांमागे १०० दिरहम भरून परतण्याची वाट खुली झाली. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढून टाकली, तर कुवेतने जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांवर, देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाची मंजुरी घेण्याची अट नव्याने घातली. रत्नागिरी, रायगड किंवा गोव्यातील ज्या घरांचे कर्ते पुरुष या देशांत आहेत, तेथे वडिलांचे आजारपण आणि मुलीचे लग्न यांच्या तारखांवरही परक्या राज्याच्या या अटींची सावली पडते.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या प्रश्नाची प्रसिद्ध मांडणी इमॅन्युएल कांटच्या १७९५ मधील शाश्वत शांतीविषयक निबंधात आढळते. परक्या भूमीत जाऊन शत्रुत्वाची वागणूक न मिळण्याचा हक्क प्रत्येक माणसाला असतो. परंतु तेथे राहण्याचा हक्क त्यातून निघत नाही, त्यासाठी स्वतंत्र करार लागतो, असे कांट मानतो. मात्र आलेल्याला परत पाठवण्याने त्याचा नाश ओढवणार नसेल तरच त्याला नाकारता येते, अशी मर्यादाही तो घालतो. कांटचे विवेचन दारात उभ्या असलेल्या माणसापुरते आहे. ज्याला आत घेतले, ज्याच्या श्रमावर शहरे उभी राहिली आणि जो काही काळापुरता स्वतःहून बाहेर गेला, त्याच्याविषयी ते फारसे काही सांगत नाही.

याविषयी अधिक खोल विचार इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे ज्या परंपरेचा वारसा ही आखाती राज्ये स्वतःच सांगतात तिच्यात, सापडतो. फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात ‘अमान’ ही संकल्पना आहे: इस्लामी सत्तेबाहेरच्या प्रदेशातून येणाऱ्या बिगरमुस्लिमाला दिलेले, त्याच्या जिवाला आणि मालमत्तेला लागू होणारे मुदतीचे अभय. त्याचा आधार कुराणाच्या नवव्या सूरेतील सहाव्या आयतीत आहे; आश्रय मागणाऱ्याला आश्रय द्यावा आणि नंतर त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे, असा तिचा आशय. आश्रय संपतो तेव्हाही आश्रयदात्याचे कर्तव्य संपत नाही, हे या आदेशातले मर्म होय. अभय देण्याचा अधिकारही केवळ शासकाचा नव्हता. इसवी सन ६३० मध्ये मक्का जिंकली गेली तेव्हा अबू तालिबची कन्या उम्म हानी हिने सासरकडच्या दोन पुरुषांना अभय दिले, तिचा सख्खा भाऊ अली त्यांना ठार मारण्यास निघाला होता, आणि तिने ज्यांना अभय दिले त्यांना आपणही दिले असा निर्णय पैगंबरांनी केला. एका व्यक्तीचा शब्द इथे साऱ्या समाजाला बांधून टाकतो.

हनफी परंपरेने या कल्पनेला काळाचे नेमके परिमाण दिले. अभय घेऊन आलेल्या परक्याला, पूर्ण वर्ष राहिल्यास जिझिया म्हणजे बिगरमुस्लिम प्रजेवरील कर लागू होईल, हे शासकाने आधी सांगावे लागते, आणि त्या सूचनेनंतर वर्षभर राहिल्यासच त्याचा दर्जा बदलतो. तो मायदेशी परतला तरी त्याने मागे ठेवलेल्या ठेवी आणि येणी तेवढ्यानेच संरक्षण गमावत नाहीत. विधिशास्त्रज्ञांची ही दृष्टी असामान्य आहे, कारण माणूस सीमेपलीकडे गेला म्हणजे त्याच्याशी असलेले सारे नाते तुटले, असे ते मानत नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल की अमान युद्धाच्या छायेत वावरणाऱ्या जगासाठी होते, आजचा परवाना हा प्रशासकीय दस्तऐवज आहे, आणि कोकणातून जाणारा कामगार तर पुष्कळदा स्वतःच मुसलमान असतो. हे खरे आहे, आणि त्या काळची शत्रुभूमीची विभागणी आज कोणी जशीच्या तशी लागू करू नये. पण त्यामुळे प्रश्न हलका होत नाही, उलट जड होतो: शत्रूच्या प्रदेशातून आलेल्याला जी पूर्वसूचना देणे बंधनकारक मानले गेले, ती वीस वर्षे शारजात राबलेल्या, कराराचा प्रत्येक शब्द पाळलेल्या सहकाऱ्याला कमी मिळावी, हे कोणत्या न्यायाने? सुरक्षित ठिकाणाची कल्पनाही इथे नव्याने तपासावी लागते. सुटीवर आलेला माणूस आपल्या गावी सुखरूप असतो, पण त्याची बँकेतली शिल्लक, नोकरी संपताना मिळायची ग्रॅच्युइटी, मुलांची शाळा आणि भाड्याचे घर समुद्रापलीकडे असते. परवाना रद्द होतो तेव्हा तो ज्या ठिकाणी पोहोचवला जातो, ते ठिकाण त्याच्या आयुष्याचा निम्मा भागच असते.

राज्याने नियम बदलूच नयेत, अशी अपेक्षा यातून निघत नाही. बदल कोणत्या तारखेपासून मोजायचा, हा मात्र तपशिलाचा नव्हे, नीतीचा प्रश्न ठरतो. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना रद्द होण्याची, साथीत स्थगित केलेली अट पुन्हा लागू करताना कुवेतने काही प्रकारच्या परवान्यांसाठी अनुपस्थितीची मोजणी १ ऑगस्ट २०२२ पासून धरली आणि बाहेर असलेल्यांना ३१ जानेवारी २०२३ पर्यंत परतण्याची मुदत दिली. त्याआधी बाहेर गेलेले दिवस त्यांच्या खात्यावर चढवले नाहीत. निर्गमन मंजुरीच्या अटीत मात्र असा अवकाश शोधूनही सापडत नाही, कारण तेथे तारीख मोजणारे राज्य नसते, परवानगी देणारा वा अडवणारा मालक असतो, आणि आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आलेल्या कामगाराला त्याच्याच उत्तराची वाट पाहावी लागते.