'दाऊ' आणि 'तूं'

जुनें इंग्रजी काव्य वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांस 'दाऊ' हा शब्द मोठा भारदस्त वाटतो. ईश्वरास उद्देशून योजलेला, तेव्हां तो आदरार्थीच असला पाहिजे, असा त्यांचा समज होतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. 'दाऊ' म्हणजे आपला 'तूं'. 'यू' हें मूळचें अनेकवचन. थोरांपुढें तें आदरार्थी झालें, आणि 'दाऊ' घरच्यांसाठीं, चाकरांसाठीं व देवासाठीं उरला. इ. स. १६०३ मध्यें सर वॉल्टर रॅले याच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांत सरकारी वकील कोक यानें त्याला भर न्यायसभेंत 'दाऊ' म्हणून हिणविलें. उलट शेक्सपिअरच्या हॅम्लेटला आई 'दाऊ' म्हणून रागावते, तर तो तिला तुटकपणें 'यू' म्हणून उत्तर देतो. तेथें आदराचा शब्दच दुराव्याचा झाला आहे. त्याच शतकांत पुढें क्वेकर पंथीयांनीं, ईश्वरापुढें सारे समान म्हणून, लहानथोर सर्वांनाच 'दाऊ' म्हणण्याचा नेम केला व त्यापायीं मारहि खाल्ला. कालांतरानें व्यवहारांतून तो शब्द जवळजवळ नाहींसा झाला. इंग्रजांची अडचण मिटली. पण एकेरींतील जिव्हाळाहि गेला.

आमचा 'तूं' जिवंत आहे. आई तूं, विठोबा तूं आणि शेतावरचा गडीहि तूंच! एकच शब्द एके ठिकाणीं भक्ति आणि दुसरीकडे अपमान कसा होतो?

माझ्या लहानपणीं नेर येथें आमच्याकडे वडिलांच्या वयाचा एक सालदार होता. मी दहा वर्षांचा पोर त्याला 'अरे' म्हणें. तो मला 'छोटे मालक, तुम्ही' म्हणे. कॉलेजांत समतेचे पाठ घेऊन परतल्यावर मीं त्याला प्रथमच 'तुम्ही' म्हटलें. तो क्षणभर थबकला आणि म्हणाला, "मी आतां परका झालो काय, छोटे मालक?" मी ओशाळलों, उत्तर मला सुचेना.

आज वाटतें, दोष शब्दांत नव्हता. आईला आपण तूं म्हणतों, तीहि आपल्याला तूं म्हणते. तुकोबा विठ्ठलाशीं भांडतांना एकेरीवर येतात, आणि त्यांचा देव रागावत नाहीं. ज्या 'तूं'ला 'तूं'नेंच उत्तर देण्याची मुभा आहे, तो प्रेमाचा. ज्याला ती नाहीं, तो मालकीचा. सालदाराला 'तुम्ही' म्हणून मीं आपलें औदार्य तेवढें मिरविलें. 'छोटे मालक' हें संबोधन मात्र मुकाट्यानें स्वीकारीत राहिलों. "मलाहि तूं म्हण," एवढें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तो वारला तेव्हांहि मी त्याचा 'छोटे मालक'च होतों.