गालिच्यावरील लेप आणि अनुपलब्धीचे प्रमाण

गालिच्यावर चहा सांडला तर तो धाग्यांत न मुरता थेंबांच्या रूपात वरच राहावा, म्हणून संरक्षक लेप दिला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लेपांसाठी पीएफएएस वर्गातील फ्लोरिनयुक्त रसायने सर्रास वापरली गेली. ती पाणी आणि तेल दोन्ही दूर ठेवतात. त्यांतील कार्बन-फ्लोरिन बंध मात्र इतका पक्का असतो, की निसर्गात तो जवळजवळ तुटत नाही.

असा लेप सुरक्षित ठरवताना मूळ प्रश्न ज्ञानमीमांसेचा असतो: अपाय आढळला नाही, एवढ्यावरून अपाय नाही असे म्हणता येते का?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अनुपलब्धीला, म्हणजे एखादी वस्तू न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र साधन म्हणजेच प्रमाण मानतात. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, तसे मानत नाहीत. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचे न दिसणेच अभाव सिद्ध करते. उजेडात घट दिसला नाही, तर तो तिथे नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही.

रसायनांच्या चाचण्यांनाही हीच कसोटी लागू पडते. त्वचेची जळजळ तपासणारी काही दिवसांची चाचणी रक्तात साचणारे द्रव्य पकडू शकत नाही. पीएफएएस वर्गातील पीएफओएस या रसायनाचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. स्कॉचगार्ड या संरक्षक लेपाच्या निर्मात्या थ्रीएम कंपनीने त्याचे उत्पादन बंद करण्याची घोषणा 2000 मध्ये केली, तोवर ते सर्वसामान्यांच्या रक्तात आणि दूरच्या वन्यजीवांत पोहोचले होते. 2009 मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर निर्बंध घातले. अमेरिकेतील डाल्टन हे गालिच्यांचे मोठे केंद्र. तिथे कारखान्यांच्या सांडपाण्यातून ही रसायने कोनासॉगा नदीत उतरली. पुढे पीएफओएसच्या जागी आलेले पीएफबीएस शरीरातून लवकर बाहेर पडते, पण पर्यावरणात तेही टिकून राहते. म्हणून युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याचा समावेश अतिचिंताजनक पदार्थांत केला.

ज्ञान अपुरे असताना धोका कोणी पत्करायचा, हा पुढचा प्रश्न नीतीचा आहे. लेपाचा लाभ गालिचा घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला होतो. त्याचे कण धुळीतून पोटात जातात ते रांगणाऱ्या बाळाच्या, आणि दूषित पाणी पिते नदीकाठचे गाव. त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. 1996 च्या वेल्लोर खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्वदक्षतेचे तत्त्व कायद्याचा भाग मानले आणि आपली कृती निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचा भार उद्योगावर टाकला.

न्याय्य भूमिका हीच आहे. लेपात काय आहे, ते किती काळ टिकते आणि चाचणी किती काळाची होती, हे उत्पादकाने सांगितलेच पाहिजे. ते सांगितले जात नसेल, तर लेपाविना गालिचा घेणे हाच विवेकी निर्णय ठरतो.