दुसऱ्या पसंतीचा अंतरात्मा

१९६९ साली इंदिरा गांधींनी राष्ट्रपती निवडताना अंतरात्म्याचा आवाज ऐकायला सांगितलं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी; आणि तिसरे चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले.

देशमुखांची पहिल्या पसंतीची मतं १,१२,७६९. ते बाद झाले आणि खरी गंमत सुरू झाली. त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बहुतांशी रेड्डींकडे वळली. गिरींची जवळपास ८८ हजारांची आघाडी अखेर १४,६५० वर आली.

मग अंतरात्मा बोलतो कुठे, पहिल्या आकड्यात की दुसऱ्या? अंतरात्मा सांगतो त्या स्वधर्माला पर्यायी क्रम नसतो. राष्ट्रपतिपदाची मतपत्रिका मात्र तो विचारते. दुसऱ्या पसंतीला तडजोड म्हणावं, तर गिरींना घाम फोडला तो तिनेच.

शिर्डी मतदारसंघातल्या कोल्हारच्या मतदाराला दुसऱ्या पसंतीची ही सोयच नाही. २०२४ ला शिर्डीत लोकसभेसाठी वाकचौरे, लोखंडे, रूपवते अशी तिरंगी लढत झाली. रूपवतेंच्या मतदारांना दुसरं कोण चाललं असतं, हे यंत्रानं विचारलंच नाही.