शंखातला आवाज कोणाचा?

शंख हे फुंकून वाजवायचे वाद्य. पण ते माणसाने घडवलेले नाही. समुद्रातली एक मोठी गोगलगाय पाण्यातले क्षार घेऊन अंगाभोवती टणक कवच रचते. ती वाढते तसे कवचही वळणे घेत वाढते. ती मेल्यावर मागे उरतो तो शंख. कोकणातल्या शिरोडा गावाच्या वेळागर किनाऱ्यावर लहान शंख-शिंपले सापडतात. पूजेतला जाड पांढरा शंख मात्र बहुधा तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातून येतो. माणूस फक्त त्याचे टोक कापून भोक पाडतो. ही युक्ती फार जुनी आहे: फ्रान्समधल्या मार्सूलास गुहेत १९३१ साली सापडलेला शंख सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचा असून २०२१ साली तो पुन्हा वाजवून ऐकण्यात आला.

भोकाला तोंड लावून नुसती फुंकर मारली तर फुस्स एवढेच होते. ओठ थरथरवावे लागतात. ती थरथर आतल्या हवेला लागते आणि रुंदावत जाणाऱ्या पोकळीत हवा घुमते. बोटे ठेवायला भोके नसल्याने सूर मोजकेच निघतात. शंख कानाला लावल्यावर ऐकू येतो तो समुद्र नव्हे. आजूबाजूचेच बारीक आवाज आत घुमत असतात.

मग वाजतो तो आवाज गोगलगाईचा, शंखाचा, हवेचा, की फुंकणाऱ्याचा? प्रश्न पोरकट नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी पत्नी मैत्रेयीला आत्मा समजावताना दुंदुभी आणि वीणेबरोबर शंखाचाही दाखला देतो. बाहेर पसरलेला नाद पकडता येत नाही. शंख धरला, किंवा फुंकणारा धरला, की नादही हाती येतो. तसा सगळ्याच्या मुळाशी असलेला आत्मा कळला की बाकीचे कळते. मूळ शंख की फुंकणारा, हे मात्र याज्ञवल्क्य तिथे ठरवून देत नाही.

आवाज टिकतो की विरतो, यावर तत्त्वज्ञांचाही वाद आहे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या मते शब्द, म्हणजे कुठलाही आवाज, हा आकाशाचा गुण; तो उपजतो आणि विरतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक शब्द नित्य, म्हणजे कायमचा मानतात, पण तो अक्षरांचा. शंखनादात अक्षर नाही, तेव्हा त्याला तो मान नाही.

कथांचे उत्तर वेगळे आहे. शिरोड्याच्या परिसरात जत्रेला रंगणाऱ्या दशावतार या लोकनाट्यात संकासूर, म्हणजे शंखासुर येतो. वेद पळवून समुद्रात दडलेल्या या असुराला विष्णू मारतो. भागवतात पंचजन नावाच्या असुराच्या अंगाचा शंख कृष्ण घेतो, तोच पांचजन्य. असुराचे कवच देवाच्या हाती जाऊन पवित्र होते. म्हणजे कथांचा कौल फुंकणाऱ्याकडे आहे, आणि तो पटण्यासारखा आहे.

गोगलगाईची बाजू मात्र यात कोणीच मांडत नाही. गोगलगाय गेली तरी कवच रिकामे असेलच असे नाही, म्हणून किनाऱ्यावरचा शंख खिशात टाकण्याआधी मुलांनी तो उलटा करून पाहावा. पुष्कळदा मऊ पोटाचा एखादा खेकडा आत राहायला आलेला असतो. तसे असेल तर शंख जिथल्या तिथे ठेवावा.