सोलर बसवणारं गिऱ्हाईक

गच्चीवर सोलर बसवायला सरकार हात सैल सोडतं. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला केंद्राचे 78 हजार रुपये मिळतात. 10 किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर धरावा, असा नियमही त्याच वर्षी झाला. तरी कुठे नेट मीटर शिल्लक नसतो, कुठे डीपीवर जागा नसते. लोक याला बाबूगिरी म्हणतात. ती असेलही, पण खरी गोम दरपत्रकात आहे.

महावितरणचं घरगुती बिल पाहा. पहिल्या 100 युनिटांचा दर आणि 500 च्या वरचा दर यांत अडीच पटीहून जास्त अंतर आहे. जास्त वापरणाऱ्याकडून जादा घ्यायचं आणि गरिबाची वीज स्वस्त ठेवायची, ही क्रॉस सबसिडीची जुनी रीत. आता सोलर कोण बसवतो? ज्याची स्वतःची गच्ची आहे, घरात एसी आहे आणि महिन्याला साडेतीनशे-चारशे युनिटं लागतात, तो. 3 किलोवॉटची पॅनेलं साधारण तेवढीच वीज देतात. दुपारी जादा वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत येते; बिलात आयातीतून निर्यात वजा होते आणि स्थिर आकार तेवढा उरतो. वजावटीत आधी जातात ती वरच्या स्लॅबमधली महाग युनिटं. म्हणजे कंपनीचं सर्वांत किफायतशीर गिऱ्हाईक हातचं जातं, पण त्याच्यासाठीची तार, रोहित्र, वायरमन, रात्रीची वीज यांचा खर्च जागच्या जागी राहतो. अशा कंपनीनेच त्याला उत्साहाने मीटर बसवून द्यावा, ही अपेक्षा मला जरा भाबडी वाटते.

धोरणातली धरसोडही इथूनच येते. 31 डिसेंबर 2020 च्या केंद्रीय नियमांनी नेट मीटरिंग 10 किलोवॉटवर अडवलं. ओरड झाली, आणि जून 2021 मध्ये ती मर्यादा 500 किलोवॉट झाली.

सोलरवाल्यांनीही तारेचं रास्त भाडं द्यावं, असं म्हटलं की ते चिडतात. पण रात्रीचा दिवा त्याच तारेवर लागतो. मात्र गरिबाच्या स्वस्त विजेचा भार शेजाऱ्याच्या बिलावर टाकणं आधी थांबायला हवं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकारने 2024 मध्ये स्वतःकडे घेतलंच आहे. घरगुती स्लॅबची सवलतही अर्थसंकल्पातून, उघडपणे आणि वेळेवर द्यावी.