दहा मिनिटांचा पाहुणा

‘तारकर्ली शांत आहे, पण स्कूबा झालं की करायला काही उरत नाही.’ शेजारच्या खोलीत उतरलेल्या गृहस्थांचं हे वाक्य मनातून जाईना. तिथली वाळू, सुरूचं बन, सोलकढी यांचं वर्णन आता कुणाला करायला नको. मला खुपलं ते एवढंच की, त्या शांततेत काहीच घडत नाही असं त्यांना वाटत होतं.

तिथल्या सकाळी रिकाम्या नसतात. रापणकर होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडत जातात आणि मग किनाऱ्यावर दोन रांगा दोन टोकांचे दोर ओढू लागतात. हे काम सावकाश चालतं. टाचा वाळूत रुतलेल्या, दोर कमरेशी टेकवलेला, मागे पोचलेला माणूस पुन्हा पुढे येऊन दोर धरतो. मासळी आली की वाटे तिथेच वाळूवर पडतात. ‘वायच हात लावा,’ असं कुणी म्हटलं आणि आपण दोर धरला, तर तळहाताला कळतं की समोरचा समुद्र हे या लोकांचं शेत आहे.

गिऱ्हाईक आणि पाहुणा यांत मी नेहमी फरक करतो. पैसे दोघेही मोजतात. पण गिऱ्हाईक काय पदरात पडलं ते पाहतं, आणि पाहुणा घरची रीत पाहून वागतो.

माझा एक मित्र शिकलेला डायव्हर आहे. त्याच्या मते तारकर्लीशेजारच्या मालवणातलं दहा मिनिटांचं स्कूबा बंद करावं. प्रशिक्षणाचं कार्ड असेल त्यालाच पाण्यात उतरू द्यावं. मीही बराच काळ याच मताचा होतो, कारण तिथे गमावण्यासारखं खूप आहे. कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा भोवतालचे बुडालेले खडक हे संरक्षणच होतं. त्याच खडकांवर आज प्रवाळ आहेत. 1987 साली इथला सुमारे 29 चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळांचे गोलसर दगडी गड्डे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या हिशेबात वाढतात. एक नांगर चुकीच्या जागी पडला की कित्येक वर्षांची वाढ गेली.

पण कार्डवाले मालवणला येतील कशाला? ते अंदमानला जातील, नेत्राणीला जातील. मालवणचं पाणी अनेकदा गढूळ असतं. इथलं स्कूबा टिकलंय ते पहिल्यांदाच उतरणाऱ्यांवर, आणि त्यांना खाली नेणारी कितीतरी मुलं मच्छीमारांच्या घरची आहेत. पर्ससीन नेटवाल्यांपुढे पारंपरिक मासेमारी मेटाकुटीला आली असताना जिवंत प्रवाळावर त्यांचं घर चालत असेल, तर तो प्रवाळ जपणारं माणूस मिळालं. मित्र म्हणतो, हा पोटापाण्याचा मुद्दा झाला, समुद्राचा नव्हे. मला हे दोन मुद्दे वेगळे करता येत नाहीत.

आणि पाण्याखाली काय होतं तेही पाहावं. तोंडात नळी, बोलणं बंद. कान दडपले की नाक दाबून हवा सोडायची. मजा वाटली म्हणून अंगठा वर केला, तर मुलगा वर घेऊन निघतो, कारण तिथे त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची. किनाऱ्यावर हुकूम सोडणारा माणूस खाली विशीतल्या मुलाचं मुकाट ऐकतो. ‘करायला काही नाही’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनीही ती दहा मिनिटं ऐकलंच असणार. सबंध सुट्टीत ते पाहुणे झाले असतील तर तिथेच. म्हणून ही बुडी बंद करावी असं मला आता वाटत नाही.

बिघडतं ते फोटोसाठी पाव सोडला की. माशांचा थवा तोंडासमोर जमतो आणि खाली उतरलेला पाहुणा पुन्हा गिऱ्हाईक होतो. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासेही पावाला सोकावतात. हा पाव पर्यटक घरून आणत नाही, धंदेवाला देतो. तेव्हा अडवायचं तर त्याला अडवावं. मित्राला हे पुरेसं वाटत नाही, तो कार्डावर अडून आहे. होड्या बांधायला कायमचे बोये हवेत आणि प्रवाळावर नांगर पडता कामा नये, एवढ्यावर मात्र आमचं एकमत आहे.